गुडघा नव्हे, घोटा

शुक्रवार, २३ जानेवारी २००४

राग अजून गेलेला नाही. सुट्टी म्हणून इथे आखातात, समैस्मा गावाच्या किनाऱ्यावर फ्लेमिंगोचं चित्र काढत बसलो होतो. दोन तासांनी कुठे पाय जमला होता. तेवढ्यात मागून देशमुख साहेब आले. रोज त्यांचीच गाडी चालवतो, सुट्टीच्या दिवशीही भेटावेत?

"पाय उलटा काढलास की! गुडघा कधी मागे वळतो का?" असं म्हणत त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि चित्रावर जाड रेघ ओढली. दोन तासांच्या कामावर!

नेहमीसारखं "बरोबर, साहेब" म्हणायला हवं होतं का? माझा व्हिसा त्यांच्याच कंपनीच्या हातात. पण तोंडातून निघूनच गेलं, "साहेब, तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. नीट बघा."

"आता ड्रायव्हर मला शिकवणार?"

मी पेन्सिल मागून घेतली. नवीन पान उघडलं आणि ते उभे असतानाच तोच पाय पुन्हा काढला, तसाच मागे वळणारा. समोर पक्ष्याने पाऊल उचललं. साहेबांनी पाहिलं, नक्की पाहिलं. पण "यल्ला, चला, उशीर होतोय" एवढंच पुटपुटत गाडीकडे वळले.

घोटाच आहे तो. आठ शुक्रवार बघतोय मी.

उद्या सकाळी त्यांना वेस्ट बेच्या ऑफिसला सोडायचंय. कामावरून काढायचं तर काढू देत. त्यांनी विषय काढला नाही, तर मी काढणार.