नेव्हिलचा राहिलेला राउंड

केर्न्स, बुधवार सकाळ

ती. मर्लवन्संना ग्लेनिसचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? मलांडाला आता धुकं उतरायला लागलं असेल, म्हणजे तो दुखत असणार, हे मला इथे पंख्याखाली बसूनही कळतं. तुमच्या कोंबड्या अंडी देतायत ना? शेजारच्या डॅरिलच्या हाती पाठवलेला पॅशनफ्रूटचा मुरंबा मिळाला. झाकण अजून उघडता आलेलं नाही (ती कामं नेव्हिलची होती), पण बाटली उजेडात धरून पाहिली, रंग सुरेख आला आहे. माझी तब्येत ठीक आहे. झोप लागत नाही, पण त्याचं कारण तब्येत नाही. तेच सांगायला लिहिते आहे.

तुम्ही विचारलं होतंत की शनिवारी तुला सामानासकट आणायला डॅरिलला पिकअप घेऊन पाठवू का, हो की नाही एवढंच कळव. एवढंच कळवायला मला इतका उशीर झाला, त्याबद्दल माफ करा. मागची खोली तुम्ही रंगवून घेतलीत आणि पडदेही शिवलेत असं डॅरिल म्हणाला. ऐकून मला फार बरं वाटलं, पण या शनिवारी मला येता येणार नाही. मी अजून एक कपसुद्धा कागदात गुंडाळलेला नाही. नेव्हिलचा एक राउंड राहिला आहे, आणि तो मिटत नाही.

तुम्हाला आठवत असेल, नेव्हिलच्या अंत्यविधीनंतर सँडविचच्या टेबलापाशी मिक टॅलबट (तो बोटीवाला, ज्याच्या काळ्या टायला तुम्ही बुटाची नाडी समजलात) सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "नेव्हने वेळ बरोबर साधली हं! आम्ही तिघांनी पाजली, आणि याची वेळ आली तसा गडी वर पसार!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. मीही हसले, आणि त्या दिवसापासून माझा डोळ्याला डोळा नाही. कारण ते खरं होतं. दर शुक्रवारी पायलट हॉटेलात हे चौघं बसायचे, मिक, सँड्रो, सेबा आणि नेव्हिल, आणि प्रत्येकाने एकदा चौघांना पाजायची. त्या शेवटच्या शुक्रवारी तिघांचे राउंड झाले आणि नेव्हिल उठला, म्हणाला, माझा पुढच्या शुक्रवारी. मंगळवारी तो गेला. आपल्याकडे माणसाला दारुड्या म्हटलेलं चालतं, कर्जबुडव्याही चालतो, पण दुसऱ्यांची पिऊन स्वतःच्या राउंडला पळाला म्हटलं की त्याचं नाव गेलं. तुमच्या वडिलांनी तर सख्ख्या मेव्हण्याला एवढ्याचसाठी व्हरांड्यातून खाली ढकललं होतं (असं नेव्हिल सांगायचा. तुम्ही म्हणता तो आपणहून पडला). त्या घरातल्या मुलाचं नाव असं सँडविचपाशी निघावं, हे मला सहन होईना. म्हणून ठरवलं की एका शुक्रवारी जायचं, तिघांच्या पुढ्यात नेव्हिलचा राउंड ठेवायचा, आणि मोकळी होऊन तुमच्याकडे यायचं. अर्ध्या तासाचं काम, असं मला वाटलं होतं.

वन्सं, पायलट राहिलेलं नाही. ईस्टरनंतर तिथे 'मडफ्लॅट' नावाचा बार निघाला आहे. गालिचा उपटला, डार्टबोर्ड काढला, भिंतीचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या केल्या (पैसे देऊन!), आणि स्टुलं इतकी उंच की तिघंही म्हातारे पाय लोंबकळत बसले होते, दंतवैद्याकडे आणलेल्या मुलांसारखे. मी काउंटरशी जाऊन उभी राहिले तर दंडावर ऑक्टोपस गोंदलेली मुलगी म्हणाली, "आजी, इथे नाही मिळत. टेबलावरचा चौकोन फोनने स्कॅन करा." मी चौकोन स्कॅन केला. मला घाम फुटला होता. तीन बिअर, एक लिंबूसोडा. मग टेबलाचा नंबर विचारला, तो घातला. मग 'काही निरोप?' असा रकाना आला. निरोप विचारलाच आहे तर रिकामा कसा सोडायचा, म्हणून मी लिहिलं, 'नेव्हिलकडून. उशिराबद्दल क्षमस्व.'

नंबर चुकला होता. नेव्हिलचा राउंड गेला कोपऱ्यातल्या टेबलावर, जिथे अॅडलेडहून आलेली एक नवरी लग्नाआधीची मजा करायला मैत्रिणींना घेऊन बसली होती. डोक्यावर जाळीचा पदर, गळ्यात शिंपल्यांची माळ. त्या मुलींनी ग्लास उंच धरले आणि अख्ख्या बारमध्ये ओरडायला लागल्या, "नेव्हिल! नेव्हिल! कुठाय नेव्हिल? समोर ये!" माझ्यावर काय गुदरलं असेल याची कल्पना करा. खिडकीशी एकट्या बसलेल्या एका बिचाऱ्या जर्मन पर्यटकाला तर त्या ओढूच लागल्या. शेवटी मला उठावं लागलं. मी जाऊन हळू आवाजात म्हटलं की नेव्हिल माझे यजमान, ते मार्चमध्ये वारले. नवरी रडायला लागली आणि तिच्या डोळ्यांचा काळा रंग हनुवटीपर्यंत आला. मला उगाच अपराधी वाटलं, मीच तिची समजूत घालत बसले. मग तिने डोळे पुसले आणि आमच्या टेबलावर चार गुलाबी पेयं पाठवली, प्रत्येकात एक फूल.

सँड्रोने फूल काढून कानामागे खोचलं. मिकने मात्र न्यायाधीशासारखा चेहरा करून निकाल दिला, "नेव्हचा राउंड मुलींनी प्यायला. आम्हाला पोचलाच नाही. आता मुलींचा आम्ही प्यायलोय, म्हणजे मुलींना आम्ही देणं लागतो. आणि वहिनी, तुमचा आहे तिथेच आहे."

पुढच्या शुक्रवारी मडफ्लॅटमध्ये कोणाचा तरी खाजगी समारंभ होता, म्हणून तिघांनी मला शेरिडन स्ट्रीटमागच्या दुसऱ्या नव्या बारचा पत्ता दिला. मी वेळेआधी पोचले. ते लाँड्रोमॅट होतं. मी आपली बाकावर बसून राहिले. हळूहळू माझ्या लक्षात आलं की माणसं हात हलवत येतात, धुवायचे कपडे कोणाकडेच नाहीत, कोपऱ्यातल्या मोठ्या ड्रायरचं दार उघडतात, वाकून आत जातात, आणि परत येत नाहीत. एक गर्भार बाईसुद्धा गेली. मी पर्समधून फोन काढून पोलिसांना लावावा की न लावावा अशा विचारात होते, तेवढ्यात ड्रायरमधून सेबाचं डोकं बाहेर आलं (सेबा म्हणजे ज्याने चर्चमध्ये गाणं म्हटलं तो). म्हणाला, "वहिनी, तुम्ही काय कपडे वाळायची वाट बघताय? या आत!" बार ड्रायरच्या मागे होता. पाटी लावत नाहीत, कारण सापडला नाही तरच लोक येतात म्हणे. चार दशकं बंदराच्या कचेरीत नोकरी केली, जहाजांना दिसावं म्हणून लोक दिवे लावतात एवढंच मला माहीत होतं.

पण तिथे मी नेव्हिलचा राउंड दिला. नंबर चष्मा लावून तपासला. तिघांनी ग्लास उचलले, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी पर्स बंद केली. तर सँड्रो उठला, "आता माझा." मी म्हटलं, भाऊजी, मी या हिशेबात नाही, मी फक्त नेव्हिलच्या वतीने आले होते. त्यावर सेबा म्हणाला, "वहिनी, ग्लास हातात घेतलात ना? मग आत आलात." मी हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. लिंबूसोडाच होता, पण होता खरा.

तेव्हापासून दर शुक्रवारी हेच चाललं आहे. गावात रोज नवं काही उघडतं आणि जुनं सापडत नाही, त्यामुळे आम्ही वणवण फिरतो. एका ठिकाणी सगळं वाटून खायचं म्हणून बारामंडी माशाचा एवढासा तुकडा आला, पोस्टाच्या तिकिटाएवढा, वर साबणासारखा फेस; सँड्रो म्हणाला धुवायचा राहिलाय. एका ठिकाणी पाणी आणणारा मुलगा प्रत्येक वेळी गुडघे टेकून आमच्याशी बोलायचा. मला वाटलं त्याचं काही हरवलंय, मीही खाली वाकून शोधू लागले. आणि प्रत्येक शुक्रवारी कोणाचा तरी राउंड राहतोच. मिकचं औषध सुरू, म्हणून तो अर्धा सोडतो, मग तो राउंड धरायचा की नाही यावर वाद. कधी बार बंद व्हायची वेळ होते म्हणून राहतो. एकदा सँड्रोने स्वतःचा दोनदा दिला आणि सगळा क्रमच फिरला. मी आयुष्यभर जहाजांचे कर गोळा केले, माझा हिशेब कधी चुकला नाही, पण या तिघांचा हिशेब शून्यावर काही येत नाही.

मागच्या शुक्रवारी मात्र हिशेब शून्यावर येणार होता. मी नीट बघून ठेवलं होतं. मिकचा झाला, सँड्रोचा झाला, सेबाचा झाला, राहिला एकटा माझा. तो दिला की सगळे सारखे. मग निरोप घ्यायचा आणि शनिवारी डॅरिल. आणि नेमका माझा फोन बंद पडला. चौकोन स्कॅन होईना. माझा राउंड राहिला, वन्सं, आणि तुमच्या हॅनरहन घराण्याच्या सुनेने राउंड बुडवून घाट चढावा हे तुम्हालाही आवडणार नाही. तेव्हा एक आठवडा थांबा, एवढीच विनंती. पडद्यांबद्दल आभार. गुडघ्याला ऊब द्या. डॅरिलला घाटात सावकाश चालवायला सांगा.

तुमची,
ग्लेनिस

ता. क. माझा फोन बंद पडला नव्हता. वरचं पान पुन्हा लिहायला नको म्हणून तसंच ठेवते. झालं असं की मी राउंड द्यायला उठले आणि तिघांना सांगितलं, हा शेवटचा, उद्याच्या शनिवारनंतरच्या शनिवारी मी कायमची मलांडाला चालले. तिघंही ग्लासात बघायला लागले. मग सेबा म्हणाला, "मग देऊ नका." मी म्हटलं, म्हणजे? तेव्हा त्याने सांगितलं की नेव्हिलने शेवटचा राउंड त्याच दिवशी कधीच दिला नाही. सँड्रोची बायको गेली आणि सँड्रो घराबाहेर पडेना, तेव्हापासूनची ही नेव्हिलची रीत. शेवटचा आपल्याकडे घ्यायचा, राहू द्यायचा, आणि पुढच्या शुक्रवारी आल्या आल्या द्यायचा. सगळं मिटलं तर कोण कशाला घरातून निघेल, म्हणायचा. मी मिकला विचारलं, मग सँडविचपाशी ते असं का बोललात? मिक बुटांकडे बघत म्हणाला, "नुसतं या म्हटलं असतं, तर आला असतात?" नसते आले. हे तुम्हालाही ठाऊक आहे. कार्डिगन घातलं, माझा पुढच्या शुक्रवारी म्हटलं, आणि बाहेर पडले.

ता. क. २. मुरंब्याचं झाकण आत्ता सेबाने उघडून दिलं. (बुधवारी तो इकडून जातो.) मुरंबा उत्तम झाला आहे.

ता. क. ३. तेव्हा डॅरिलला पाठवाच, पण शुक्रवारी, आणि रिकामी पिकअप पाठवू नका, पुढच्या सीटवर तुम्ही बसा. तुम्हीही तिथे धुक्यात एकट्याच असता, आणि त्या नव्या पडद्यांची खोली माझ्यासाठी आहे की तुमच्यासाठी, हे मी विचारत नाही. फक्त एक सांगून ठेवते. सँड्रोने विचारलं, ताई काय घेतात? मी शेरी म्हणाले. तो ग्लास पुढे आला की हातात घेण्याआधी नीट विचार करा. नेव्हिलची बहीण म्हणून चौथ्या स्टुलाशेजारी तुमचं पाचवं त्यांनी आताच अडवून ठेवलं आहे, आणि मग शेवटचा राउंड तुमच्याकडे राहील, म्हणजे पुढच्या शुक्रवारी यावंच लागेल.