तितरांना किडे कोणी घातले

अप्पा, हे तुम्हाला लिहितेय, पण ऐकायला त्या सगळ्या बायकांना बसवलंय ज्यांचा हात लागला म्हणून लोणचं नासलं, पापड लाल पडले, तुळस वाळली. त्या साऱ्यांची तक्रार एकच आहे : चूक दुसऱ्याची आणि विटाळ आमचा. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी बोलणार नाही.

बोरीतल्या आपल्या दुकानाच्या ओट्यावर तुमचा तितरांचा पिंजरा टांगलेला असायचा. तेव्हा कायद्याचं कोणी विचारत नसे. अंघोळ, लिंगपूजा झाली की दुकान उघडायच्या आधी तुम्ही माळावर जायचात, वारुळाचं ढेकूळ फोडून फडक्यात वाळवी बांधून आणायचात आणि पिंजऱ्यापाशी उकिडवे बसून तितरांना चारायचात. आम्हा पोरांशी कधी बोलला नाहीत इतक्या मऊ आवाजात त्यांच्याशी बोलायचात. मग त्या वर्षी पावसाची झड लागली. माळावरच्या काळ्या मातीत पाय रुतायला लागले आणि तुम्ही घरामागचा उकिरडा उकरायला सुरुवात केली. शेजाऱ्यांच्या कोंबड्या दिवसभर तिथंच चरायच्या, हगायच्या. खुरप्यानं शेण उलथलं की पांढरे, गुबगुबीत किडे निघायचे. मी नाक मुरडलं तर म्हणालात, "किडा त्यो किडा. लय चरबी हाय ह्यात. बघ कशी तितरं फुगतेत."

तितरं फुगली नाहीत, वाळली. छातीचं हाड वर आलं. पंख पिंजारून कोपऱ्यात बसायची. पिंजऱ्याच्या तळाशी विष्ठेत तांदळाच्या कणीसारखं पांढरं काहीतरी दिसायचं. मला ते अजून दिसतं. आधी मादी गेली, मग नर. तुम्ही ओट्यावर बसून रडलात, आणि डोळे पुसून झाल्यावर विचारलंत, "पिंजऱ्याला हात कोणाचा लागला?"

आईचा लागला होता. ती बाहेरची होती, वेगळी बसलेली होती, पण पावसाचे शिंतोडे पिंजऱ्यावर येताना तिला बघवलं नाही. तिनं तो काढून आत पडवीत ठेवला. एवढंच. ओट्यावर तुमचे दोन दोस्त होते. एकजण म्हणाला, "तितर नजर सोसतंय अप्पा, विटाळ न्हाई सोसत." दुसरा तर दाराआडच्या आईला ऐकू जाईल असं बोलला, "वहिनी, दुकानाला हात लावू नका बरं, शटर पडंल आमच्या डोक्यात!" सगळे हसले. तुम्हीही हसलात, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी. मग आत येऊन आईला म्हणालात, "तुझा हातच कडू हाय. जित्या जीवाला लावू नको."

आणि हेच तुम्ही दर सोमवारी मठात उभं राहून आवाज चढवून सांगायचात, की गळ्यात लिंग बांधलेल्याला सुतक नाही, विटाळ नाही. पुढं बसून मी ते पाठ केलं. भाषण कसं करावं ते तुमच्याकडूनच शिकले, म्हणून सांगते : ओट्यावर एक आणि मठात एक बोलणाऱ्या माणसाइतका घाणेरडा उकिरडा मी दुसरा पाहिला नाही.

आईनं तुमचा शब्द पाळला. पुन्हा चिमण्यांना दाणेसुद्धा तिनं हातानं टाकले नाहीत, सुपातून टाकले. पहिला नातू झाला तेव्हा सुईण बाळ तिच्या मांडीवर द्यायला आली, तर तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळले. लोकांना वाटलं, लाजली.

खरं काय ते मला फार उशिरा कळलं. मी फिंच पाळल्या, चिमणीहून लहान परदेशी पाखरं. शेजारणीनं मायेनं खतखड्ड्यातले किडे आणून त्यांना घातले, आणि थोड्या दिवसांनी विष्ठेत तीच पांढरी कणी दिसली. परभणीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बघताच विचारलं, "किडे कोंबड्यांच्या जागेतले का?" कोंबडीच्या विष्ठेतली जंताची अंडी किडा खातो, त्या किड्याला पक्षी खातो आणि जंत पक्ष्याच्या आतड्यात वाढतो, असं त्यांनी समजावलं. औषध दिलं, पक्षी वाचले. आता मी किडे घरीच वाढवते, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात, भाजून निववलेल्या गव्हाच्या कोंड्यात, ओलाव्याला गाजराची चकती ठेवून. त्यांनी ना शेण पाहिलंय ना कोंबडी. इतकं सोपं होतं, अप्पा. चिखल तुडवून माळापर्यंत जायचं, बस.

यंदा तुमच्या पुण्यतिथीला मठात मला बोलायला बोलावलं. मी हार घातला आणि सगळं सांगितलं. किडे, उकिरडा, शटर. तुमच्या दोन दोस्तांपैकी एक अजून आहे. काठी टेकत उठला. "मेलेल्या बापाची अब्रू काढायलीस व्हय गं?" मी म्हणाले, "जित्या माईची परत मागायलेय, काका." मागं बसलेल्या बायकांतून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बस खाली म्हाताऱ्या!" अप्पा, तो क्षण मला फार गोड लागला. अजून लागतो.

पण घरी आल्यावर आईनं माझ्यापुढं ताट सरकवलं. "मेलेल्या माणसाला कशाला बोलायचं? त्यांनी काय मुद्दाम केलं?" मी तिला फिंचच्या पिंजऱ्यापाशी नेलं. पिलं चोची वासून ओरडत होती. चिमट्यात धरलेला किडा तिच्यापुढं केला. तिनं हात मागं घेतले. "न्हाई माय, तूच घाल. मपला हात कडू हाय." अख्ख्या मठाला पटलं, तिला नाही.

ती म्हणते, दुपारी डोळा लागला की तुम्ही स्वप्नात येता. बोलत नाही, नुसते खाटेपाशी बसता. स्वप्नं, शकुन, नजर यांची मी आयुष्यभर व्यासपीठावरून चिरफाड केली, आणि तरी हे पत्र लिहितेय, जे टाकायला पेटी नाही. कबूल करते : माझी सगळी भाषणं जिथं हरली तिथं तुमचं एक वाक्य पुरेल, आणि तुमचा सगळ्यांत जास्त राग मला याच गोष्टीचा येतो. तर आज दुपारी या. नुसते बसू नका. तिला सांगा, किडे मी घातले होते.