मोरोपंतांना धारेसच ठेवून घेण्याविषयी

देवास, धाकटी पाती
वैशाख वद्य चतुर्थी, शके १८३०

एकाच सासऱ्याच्या तीन जावयांपैकी ज्या दोघांना पंगतीत दुसऱ्यांदा तूप विचारले जात नाही, त्या दोघांतले वडील राजश्री दत्तोपंत साडूभाऊ यांस, त्याच दोघांतल्या धाकट्याचा, म्हणजे नीलकंठाचा, साष्टांग नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? एरंडेल चोळणे चालू असेलच. सौ. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पूज्य सासूबाई यमुनाबाई सध्या आपल्याकडे आहेत, त्यांच्या चरणी माझे मस्तक ठेवावे. (त्यांनी "कोण, दुर्गेचे ते होय?" असे विचारल्यास "होय, तेच" म्हणावे. माझे नाव सांगण्याचा आग्रह धरू नये, त्यांना दगदग होते.) येथे सर्व क्षेम आहे. ऊन मात्र असे की टेकडीवर देवीच्या दर्शनाला जाणारे लोक पायऱ्यांवर चालत नाहीत, नाचतात.

दत्तोपंत, आपले दुःख एक आहे आणि ते आता उघड बोलण्याची वेळ आली आहे. आपण धारेच्या दरबारात इतकी वर्षे इमानाने दफ्तर सांभाळले. मी इंदूर, उज्जैन, महू येथे व्याख्याने दिली, दोन कपाटे ग्रंथ वाचले, परदेशी साखरेची होळी केली. आणि सासूबाईंच्या तोंडी काय? "आमचे मोरोपंत." आमचे! आपण दोघे कोणाचे? हे मोरोपंत धाकट्या कमलचे यजमान, थोरल्या पातीच्या पागेवर कारकून, घोड्यांच्या हरभऱ्याचा हिशेब ठेवणारे. आमच्या गावाची तऱ्हा आपण जाणताच, एकाच रस्त्याच्या या अंगाला धाकट्या पातीचे राज्य आणि त्या अंगाला थोरल्या पातीचे. मी या अंगाला राहतो, ते समोर राहतात. राज्ये दोन असली तरी खिडक्या समोरासमोर आहेत, हेच सगळ्या दुःखाचे मूळ. त्यांना मिशांना अत्तर लावण्याची सवय आहे, आणि ते तीन शब्दांच्या वर बोलत नाहीत. लोक म्हणतात, काय गंभीर माणूस! मी म्हणतो, बोलायला काही असावे लागते.

आता झाले ते सांगतो. गेल्या पंधरवड्यात मारुतीच्या देवळाच्या पटांगणात माझे 'स्वावलंबन' या विषयावर व्याख्यान होते. विषय रंगात आला होता. "जे राष्ट्र दुसऱ्याच्या हाताकडे पाहत बसते," इथवर येऊन मी मूठ वर केली, तो सगळी सभा माझ्या मुठीकडे न पाहता माझ्या पायांकडे पाहू लागली. खाली पाहतो तर टेबलाखाली मांजराचे पिल्लू. राखी रंगाचे, वांग्याएवढे, तोंड उघडे आणि आवाज नाही. कुठून आले, आई कुठे, कोणाला ठाऊक नाही. पुढच्या रांगेतला एक तेली म्हणाला, "अरे, यो तो गयो." (हा शेरा माझ्या व्याख्यानावर आहे असे समजून मागच्या दोघांनी माना डोलावल्या. त्यांची नावे मला माहीत आहेत.) हातची सभा अशी जाताना पाहून कोणता वक्ता स्वस्थ बसेल? मी वाकलो, पिल्लू उपरण्यात घेतले आणि गर्जना केली की भूतदया बोलायची नसते, करायची असते, आणि हा जीव मी जगवून दाखवीन! टाळ्या कडाडल्या. दोन्ही पातींतले लोक होते. म्हणजे दोन राज्यांच्या साक्षीने माझा शब्द गेला.

घरी येऊन पहिल्याने ग्रंथ काढले. दत्तोपंत, आपल्या पूर्वजांनी मांजर मारणाऱ्याला काय प्रायश्चित्त द्यावे याचा केवढा विचार केला आहे! सोन्याचे मांजर करा, दान द्या, काशीला जा. पण मांजर जगवायचे कसे याविषयी एक अक्षर नाही. तेव्हा मी स्वतःच्या बुद्धीने चाललो. उन्हाने पोळले आहे म्हणून माठातल्या पाण्यात फडके भिजवून त्याला गुंडाळले. भुकेले आहे म्हणून गाईचे दूध आणवले. लहान बाळ आहे म्हणून उताणे धरून चमच्याने पाजू लागलो. दूध नाकातून बाहेर आले आणि पिल्लाने मान टाकली. दुर्गेने एवढेच पाहिले आणि मला काही न विचारता, माझ्याच घरातून, माझ्याच अंगणातून, रस्ता ओलांडून परराज्यात गेली आणि मोरोपंतांना घेऊन आली.

मोरोपंत आले ते मिशा पुसत. जेवणावरून उठून आले होते. (ही गोष्ट दुर्गेने त्या दिवसापासून इतक्या वेळा सांगितली आहे की जणू मी कधी जेवणावरून उठलोच नाही.) त्यांनी पिल्लाच्या मानेवरचे कातडे चिमटीत धरून सोडले. ते खाली बसले नाही, राहुटीसारखे उभेच राहिले. "सुकलंय," मोरोपंत म्हणाले. मग माझे ओले फडके काढून टाकले आणि म्हणाले, "आधी ऊब." मी हसलो. सगळा माळवा भाजून निघतो आहे आणि हा गृहस्थ म्हणतो ऊब! उष्णता आणि प्राणशक्ती यांच्या संबंधावर मी बोलू लागलो. त्यांनी माझा हात धरला आणि पिल्लाच्या पंजावर ठेवला. पंजा गार होता, दत्तोपंत. वैशाखात, भर दुपारी, गार. मी हात तसाच ठेवला. (दुर्गेने ते लक्षात ठेवले आहे.)

मग तांब्यात कोमट पाणी भरून, त्याला माझे धूतवस्त्र गुंडाळून, पिल्लाला शेजारी निजवले. दूध परत पाठवले. "आज नाही," एवढेच कारण. पंजे उबदार होईपर्यंत तोंडात काही घालायचे नाही असा हुकूम. ते झाल्यावर म्हणाले, "ताई, कोमट पाणी, चिमूट मीठ, थोडी साखर." हा तो क्षण! साखर! माझ्या घरात! मी उठून उभा राहिलो. या घरात परदेशी साखरेचा कण येणार नाही, मग एक जीव जावो की दहा, तत्त्वासाठी माणसांनी राज्ये सोडली आहेत, हे सगळे माझ्या ओठांवर होते. पापणीशी पाणीसुद्धा आले होते. तोच मोरोपंत म्हणाले, "गूळ चालेल."

चालेल! वादाची सगळी तयारी करून उभ्या राहिलेल्या माणसाला "चालेल" म्हणणे याहून मोठी हिंसा मी पाहिलेली नाही. मी बसलो.

दुर्गेच्या देवघरातली फुलवात गुळाच्या पाण्यात बुडवून, पिल्लाला पालथे, पायांवर धरून, ओठांच्या कोपऱ्यात ते थेंब थेंब पिळू लागले. एक थेंब, मग थांबायचे. गिळले की दुसरा. मी अशा संथपणाने व्याख्यान दिले असते तर श्रोते घरी जाऊन जेवून परत आले असते. पण पिल्लाने जीभ बाहेर काढली. मग मोरोपंतांनी कोमट ओल्या कापडाने त्याचे पोट खालच्या बाजूस चोळले (आई चाटते तसे, असे म्हणतात) आणि पिल्लाने त्यांच्या मांडीवर मूत्र विसर्जन केले. दत्तोपंत, काय तो आनंद! दुर्गेने देवापुढे साखर नव्हे, गूळ ठेवला. कमल समोरच्या खिडकीतून टाळ्या पिटू लागली. माझ्या आयुष्यातल्या उत्तमोत्तम वाक्याला असे स्वागत लाभलेले नाही, आणि ते लाभले कशाला, मोरोपंतांच्या भिजलेल्या धोतराला!

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. पिल्लू माझे, घर माझे, शब्द माझा, आणि लोक विचारतात मोरोपंतांना. शेळीचे दूध घालणारी गुजरीण मला म्हणते, "मोरू भिया वास्ते चइये के? तो ताजो लो." मी विचारले, आणि माझ्यासाठी असेल तर? ती नुसती हसली. मी पिल्लाचे नाव 'निष्ठा' ठेवले. या निष्ठेला माझ्या हाकेला कान हलवणे माहीत नाही, पण समोर मोरोपंतांच्या वहाणा वाजल्या की शेपटी उभी. त्यांनी पाजले तर पोट नगाऱ्यासारखे होईस्तोवर पिते, मी पाजले तर तोंड फिरवते. शेवटी मी त्यांचा पागेतला कोट, काजे शिवून देतो या निमित्ताने, मागून आणला, अंगात घातला, मिशांना थोडे अत्तरही लावले, आणि एक शब्दही न बोलता पाजायला बसलो. निष्ठेने माझा अंगठा चावला. दुर्गा दाराआड उभी होती. ती म्हणाली, "अहो, निदान मिशा तरी तुमच्या राहू द्या." माझ्या घरात मला उपरा करणारा हा मनुष्य काही बोलतही नाही की त्याचे खंडन करावे!

अशात ईश्वर दयाळू झाला. थोरल्या पातीने घोडा पारखण्यासाठी मोरोपंतांना धारेस पाठवले आणि ते आपल्याकडे उतरले आहेत. आता ही संधी आपण दोघांनी गमावू नये. त्यांना ठेवून घ्या! घोड्यात खोड काढा, दुसरा दाखवा, तिसरा दाखवा. सासूबाईंना सांगा की जावई वाळला आहे, त्या महिनाभर सोडणार नाहीत. मग धरमपुरीस नर्मदास्नानाला न्या. नाव उलटावी असे मी म्हणत नाही (म्हणत नाही, हे ध्यानात घ्यावे), पण नावाडी सावकाश असावा. आंबे संपेपर्यंत त्यांचे पाऊल देवासात पडू देऊ नका. तेवढ्या अवधीत निष्ठा माझी होईल. ती माझ्याच हातून दूध पिऊन दिवसेंदिवस बाळसे धरीत आहे, आणि येत्या एकादशीला तिला सभेपुढे नेऊन मी माझा शब्द खरा करणार आहे. लोभ आहेच, मोरोपंतांच्या वाट्याचा काढून तोही इकडे वळवावा.

आपला समदुःखी,
नीलकंठ

ता. क. वर बाळसे लिहिले आहे ते काल लिहिले. खरे म्हणजे कालही ते तसे नव्हते. मोरोपंत गेल्यापासून पिल्लू दारात, रस्त्याकडे तोंड करून बसत होते आणि वातीला जीभ लावून सोडून देत होते. आज सकाळपासून बसतही नाही. मानेवरचे कातडे मी चिमटीत धरून सोडले. ते उभे राहिले. तांब्या केला, गूळ-मीठ केले, पालथे धरले, थेंब थेंब पिळले, दुर्गेनेही पाहिले, सगळे बरोबर आहे. ओठांतून आत जाते आणि बाहेर येते. गिळत नाही. पंजे अजून उबदार आहेत, तेवढे ठेवले आहेत.

ता. क. दुसरा. धरमपुरीचे रद्द समजावे. घोडा पहिलाच चांगला आहे. मोरोपंतांना निघता येत असेल तर लगेच लावून द्यावे, मी बोलावले असे सांगितले तरी चालेल. (हा शब्द त्यांचा आहे, मला कळते.) पण सरकारी काम आहे, घोड्याचा कागद झाल्याखेरीज त्यांना हलता येणार नाही, हेही मला कळते. म्हणून आणखी एक. दुर्गेने आता सांगितले की मोरोपंत गप्प बसून पाजत नसत. मी समोर असेन तेवढाच वेळ गप्प. मी ग्रंथ पाहायला आत गेलो की ते पिल्लाच्या कानाशी वाकून बोलत, हळू, चांगले घटकाभर, आणि पिल्लू त्यांच्या तोंडाकडे पाहत गिळत जाई. दुर्गेला शब्द ऐकू येत नसत. मी विचारले, इतके दिवस मला का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "तुम्ही त्यांना उत्तर दिलं असतं."

मी पिल्लाशी सकाळपासून बोलतो आहे, दत्तोपंत. मला येत होते ते सगळे बोलून झाले. त्याने डोळे मिटून घेतले.

पत्र पागेच्या सांडणीस्वाराबरोबर पाठवतो आहे, तो आपल्या दाराशी थांबेल. मोरोपंत ताटावर असले तरी उठवा. (ते उठतील.) ते काय बोलत असत ते विचारा. लाजतील, सोडू नका. जसे सांगतील तसे, आपल्या दरबारी भाषेत सुधारून न घेता, कागदावर उतरवा आणि त्याच स्वाराच्या हाती द्या. त्याला पाण्यापुरते थांबवा, जेवायला बसवू नका.