निशाणाकडे पळालेला माणूस

मुक्काम छावणी, डिसेंबर १९९७

आदरणीय दाजी निवृत्तीराव यांना आनंदराजचा सप्रेम जयभीम.

धुरपताअक्कालाही माझा जयभीम सांगा. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे, आणि क्लासची पहाटे पाचची बॅच अजून तुम्हीच घेता की काही उपरती झाली, तेही कळवा. माझी प्रकृती उत्तम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं काय ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

आमच्या कॉलेजातल्या एन.सी.सी.ला दोन वर्षं अधिकारी नव्हता. यंदा मिळाला नसता तर पन्नास पोरांची तुकडी दुसऱ्या कॉलेजला जाणार होती. (त्यातली निम्मी पोरं त्या सर्टिफिकेटवर पोलिसात नाहीतर फौजेत लागायची आस धरून आहेत. तुमची फी त्यांना झेपत नाही.) प्राचार्यांनी सभा घेतली. मी उठून पाऊण तास बोललो. भूकंपात आमच्या भागातले ढिगारे जवानांनी उपसले, त्यांचे उपकार फेडायची वेळ आली की प्राध्यापक मंडळी चपला बघत बसतात, ही लाजेची गोष्ट आहे, असं बरंच काही. टाळ्या पडल्या आणि माझंच नाव गेलं. वक्त्याने भाषणाच्या शेवटी "आहे का कुणी?" असं कधी विचारू नये.

इथं आम्ही चाळीस मास्तर अधिकारी व्हायला आलो आहोत. पहिले आठ दिवस रायफल नुसतीच उघडायला, पुसायला, जोडायला शिकवली. मी वहीभर नोट्स काढल्या आणि इतरांना समजावूनही सांगितल्या. काल प्रत्यक्ष गोळी झाडायची होती. जागेची रचना नीट ध्यानात घ्या, कारण सगळा घात तिथंच आहे. वर पत्रे, पाठीमागं दगडी भिंत आणि पुढं मोकळं मैदान. मैदानाच्या टोकाला निशाणं. आम्ही दहा जण छपराखाली पोटावर पालथे. डावीकडच्याने पहिली गोळी सोडली आणि दाजी, माझ्या पोटाखालची जमीन हलली.

पुढचं मी केलं असं मला म्हणता येत नाही. ते चार वर्षांपूर्वीच्या त्या पहाटेने केलं. जमीन हलली की दगडी भिंतीपासून लांब, उघड्यावर पळायचं, हे आता आपल्याकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मी रायफल सोडली, "बाहेर पडा" अशी आरोळी ठोकली (माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा तो आवाज तुम्ही सोसलेला आहे) आणि मोकळ्या मैदानात, म्हणजे थेट निशाणांकडे, धावत सुटलो. माझ्यामागे निलंग्याचे प्राध्यापक शंकरप्पा धावले, ते समजण्यासारखं आहे. पण भंडाऱ्याचे एक गृहस्थही धावले, ज्यांनी जन्मात भूकंप पाहिलेला नाही. ते निव्वळ माझ्या वक्तृत्वावर धावले. लाल झेंडा वर गेला, शिट्ट्या झाल्या, गोळीबार थांबला, म्हणून हे पत्र तुम्हाला मिळतं आहे. शंकरप्पा निशाणाच्या लाकडी चौकटीला मिठी मारून उभे होते. ती सोडवायला दोन माणसं लागली.

आमचे उस्ताद (शिकवणाऱ्याला इथं उस्ताद म्हणतात) सुभेदार चांदपाशा, आपल्या इस्लापूरचे. रोज कानठळ्या बसवणारा माणूस काल ओरडला नाही, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. "मास्तर, लोकं गोळीपासून पळतात. तुम्ही गोळीसंगं पळून राहिले. गाव कोणतं?" मी लातूर म्हणालो. त्यांनी माझी पडलेली रायफल उचलून तिच्यावरची माती पुसली. मग म्हणाले, "मंग तुमचं चुकलं न्हाई. पर शनिवारी अजून एक डाव हाय. पाचातल्या तीन लागल्या तर अधिकारी, न्हाई तर घर."

म्हणजे पन्नास पोरांचं नशीब माझ्या पोटाखालच्या जमिनीवर आलं आहे. आज सकाळी उस्तादांनी मला रायफलशिवाय पालथं झोपवलं आणि शेजारी बसून स्वतः गोळ्या झाडल्या. पहिल्या तीन वेळा मी उठलो. चौथ्या वेळी त्यांनी पाठीवर पंजा ठेवला. मी त्यांना भीतीचं तत्त्वज्ञान सांगू लागलो, तर म्हणाले, "श्वास धरायचा असतो मास्तर. तुम्ही समदा बोलण्यात घालवून राहिले."

अक्काला यातलं काही कळू देऊ नका.

आपला,
आनंदराज

ता.क. हे पत्र खरं म्हणजे दुसऱ्याच कामासाठी आहे. चांदपाशांची मुलगी लुबना यंदा दहावीला आहे. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही, मीच विचारलं. "लातूरला घालायचं मनात हाय, पर तिथं क्लासला जागाच भेटत न्हाई म्हणे." माझ्या तोंडून निघून गेलं की दाजींचा क्लास आहे, जागा झाली समजा. जयंतीच्या सभेत मी तुम्हाला 'विद्येचा अडत्या' म्हणालो होतो. ते विधान मी मागे घेत नाही. एक जागा मात्र ठेवा.

आणखी ता.क. पत्र टाकायचं राहिलं आणि शनिवार झाला. जमीन पाचही वेळा हलली. मी पडून राहिलो. चार लागल्या. शंकरप्पांच्या तीन. तुकडी वाचली.

शेवटचं. निकालानंतर चांदपाशांनी एकच चौकशी केली. पोरगी लातुरात राहणार त्या घराच्या भिंती दगडाच्या तर न्हाईत ना? मी म्हणालो, माझं घर पत्र्याचं आहे, ती आमच्याकडेच राहील. तेव्हा जूनपासून रोज पहाटे पाचला तिला सायकलवर तुमच्या क्लासच्या दारात सोडायला मीच येईन. तोंडाला मफलर असेल. कृपा करून ओळख दाखवू नका.