बडनेऱ्याला मेल आठ मिनिटं थांबते

१ नोव्हेंबर १९३६, रविवार. अमरावती.
आजपासून रोजनिशी. थोर माणसांच्या रोजनिश्या पुढे छापतात. ही छापायची नाही, फक्त माझ्यासाठी आहे. तरी अक्षर जपून काढतो आहे.

असेंब्लीची निवडणूक आली. तालुक्याच्या ग्रामीण जागेचं काँग्रेसचं तिकीट मी घ्यावं, असं शांतपणे ठरवलं आहे. शांतपणे म्हणजे अजून कोणाजवळ बोललेलो नाही. पात्रता: वकिली अकरा वर्षं, पेटीवादन अठरा वर्षं, खादी दोन वर्षं. खेड्यांशी संबंध जुना. दर हिवाळ्यात नत्थुजीच्या शेतावर हुरडा खायला जातो. नत्थुजी हा माझा पक्षकार, बडनेऱ्यापलीकडचा कास्तकार. त्याचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा मीच चालवला. हरलो, पण विरुद्ध बाजूच्या वकिलांनीसुद्धा माझ्या आवाजाची तारीफ केली.

३ नोव्हेंबर.
मोठी बातमी. काँग्रेस कमिटीचे सेक्रेटरी किसनराव कोर्टात भेटले. म्हणाले, २२ तारखेला एक थोर पुढारी मेलने नागपूरहून मुंबईला चालले आहेत, बडनेऱ्याला आठ मिनिटं गाडी थांबेल. तिकिटं कोणाला द्यायची ते त्यांच्याच शब्दावर ठरणार. पुढाऱ्यांचं नाव इथे लिहीत नाही. डायरी सी.आय.डी.च्या हाती लागली तर? यापुढे त्यांना थो. पु. म्हणेन.

किसनरावांना लगेच सांगितलं की स्वागताचं पद मी रचतो, मीच गातो, पेटीही माझीच. ते म्हणाले, करा, पण आटोपशीर करा. किसनरावांना गाण्याचं अंग नाही. माणूस चांगला आहे.

५ नोव्हेंबर.
पद तयार. नऊ कडवी. पहिल्या आठांत थो. पु. शेवटच्या कडव्यात, जुन्या पदकारांच्या रिवाजाप्रमाणे, रचणाऱ्याचं नाव:

राष्ट्रकार्यासाठी उभा मी सेवेला ।
म्हणे कमलाकांत अंबापेठवाला ॥

बायकोला, अनसूयेला, म्हणून दाखवलं. ती म्हणाली, पदात पत्ता काहून घातला? मी म्हणालो, एवढा कामाचा माणूस, तो मला शोधत कुठे हिंडेल? ती स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

८ नोव्हेंबर, रविवार.
रागाचा प्रश्न. मेलची वेळ पावणेचार, म्हणजे भीमपलास. पण मेल लेट होते. तासभर लेट झाली तर मुलतानी लागेल. दोन तास झाली तर पूरिया. रेल्वे कंपनीने टाइमटेबल छापताना गाण्याचा विचार केलेला नाही. तिन्ही रागांत तयारी ठेवतो आहे.

तबल्याला हायस्कुलातले ड्रॉइंग मास्तर केशवराव येणार. त्यांनी विचारलं, रात्री आली तर? मी म्हणालो, शुभ बोला.

१२ नोव्हेंबर.
पहिली तालीम. दिवाळीच्या तळणाच्या धुरात आवाज नीट लागला नाही, तरी उत्तम झाली. मी आलाप सुरू केला तेव्हा अनसूयेने चुलीवर भात ठेवला. मी शेवटच्या कडव्यावर आलो तेव्हा भात झाला, वाढला आणि आमची लेक कुंदा जेवून उठली. केशवरावांच्या घड्याळाने एकूण सव्वीस मिनिटं.

म्हणजे काटछाट करणं आलं. आलाप काढता येत नाही, तो रागाचा पाया. शेवटचं कडवं काढता येत नाही, तो माझा पाया. थो. पु.ंच्या स्तुतीची दोन कडवी काढली. नम्र माणसांना स्तुती आवडत नाही. आता चोवीस मिनिटं. गार्डाला गाण्याचा कान असला तर अडचण नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार.
नत्थुजी बाजाराला आला होता. तुरीच्या शेंगा आणल्या. ओसरीवर बसून अख्खी तालीम ऐकली. मग म्हणाला, वकीलसायेब, गाडी आठ मिनिटं उभी राह्यते, अन् तुमी तं सात मिनिटं नुसतं आऽऽ करून राहिले. मी हसलो. त्याचा दोष नाही. त्यांच्याकडे खंजिरीचं भजन असतं. खंजिरी वाजवणारे दहा, ओरडणारे वीस, सगळं चार मिनिटांत खलास. ऐकणारालाही घाम येतो.

त्याने विचारलं, आमचं मंडळ आणू काय टेसनावर? नाही म्हणवेना, पुढेमागे मतं लागतील. परवानगी दिली. मात्र प्लॅटफॉर्मच्या दूरच्या टोकाला, थर्ड क्लासच्या डब्यांकडे उभं राहायचं, म्हणजे गलका पुढाऱ्यांपर्यंत पोचणार नाही. तो म्हणाला, मंग मले बी ते पद द्या ना. त्याला वाचता येत नाही. अनसूयेने दोनदा म्हणून दाखवलं. जाताना फाटकापाशी त्याचं सगळं पाठ होतं. मला दोन दिवस लागले होते, पण मी ते रचत होतो.

१८ नोव्हेंबर.
शटलने बडनेऱ्याला जाऊन पाहणी केली. मेलचा फर्स्ट क्लासचा डबा कुठे थांबतो ते एका हमालाला विचारून प्लॅटफॉर्मवर खडूने फुली मारली. हे पुढारीपण आहे. बाकीचे आयत्या वेळी धावतात.

किसनराव म्हणतात, थो. पु. थर्ड क्लासने प्रवास करतात, व्याख्यानात तसं स्वतः सांगतात. व्याख्यानात मीही रोज सूत काततो. एवढा मोठा माणूस कोंबड्यांच्या टोपल्यांजवळ बसेल यावर किसनरावांचा विश्वास आहे. म्हणूनच ते सेक्रेटरीच राहिले.

फुलीवर उभं राहून थोडा आलाप घेऊन पाहिला. परतीची शटल तेवढ्यात गेली. एका कास्तकाराच्या दमणीतून आलो. वाटेत त्याच्याशी खेड्यांच्या प्रश्नांवर बोललो. तो झोपला होता, पण बैल ऐकत होते.

२२ नोव्हेंबर, सकाळी.
आज. गरम दुधात हळद घेतली. आजपासून संकल्प: तिकीट मिळाल्यावर साधेपणा सोडायचा नाही. अनसूया आणि कुंदाही येणार आहेत. अनसूया म्हणते, मी मंडळाजवळ उभी राहीन, तिथं सावली आहे. बरं म्हणालो.

२३ नोव्हेंबर, सोमवार. मुक्काम अकोला, बहीण माणिकबाईचं घर.
मी अकोल्याला का आहे हे शांतपणे लिहिणं भाग आहे.

मेल पन्नास मिनिटं लेट. भीमपलासची वेळ टळत आलेली, मुलतानी थोडा लवकर. मुलतानी धरला. केशवरावांना कळवायचं राहिलं. फर्स्ट क्लासचा डबा बरोबर फुलीवर थांबला. खिडक्यांच्या झिलमिल्या बंद. आत थो. पु. चिंतनात असणार म्हणून हळुवार सुरुवात केली.

आलाप सुंदर झाला. दूरच्या टोकाला मधूनच टाळ्या आणि जयजयकार ऐकू येत होता. लोकांना धीर नसतो. अस्ताईच्या पहिल्या ओळीवर आलो आणि गार्डाने शिट्टी दिली. त्याला कान नाही. त्याच क्षणी झिलमिली वर गेली आणि एक पांढऱ्या मिशांचा चेहरा बाहेर आला. थो. पु. नव्हते, पण त्यांचे खासगी चिटणीस असावेत असं वाटलं. शेवटचं कडवं राहिलंच होतं. पेटी आत सरकवली आणि मागोमाग मी चढलो. केशवराव तबल्यासह खाली राहिले. गाडी हलली.

आत ते एकटेच होते. रिटायर्ड जज्ज, नागपूरचे. थो. पु. गाडीच्या मागच्या भागात थर्ड क्लासमध्ये आहेत, असं त्यांनीच सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय म्हणत होता? मी शेवटचं कडवं म्हटलं. कानामागे हात धरून त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, पुन्हा एकदा, पहिल्यापासून.

अठरा वर्षांत हे वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं. बायकोनेसुद्धा नाही. मी आलापापासून सुरू केलं. मूर्तिजापूर येऊन गेलं ते मला कळलं नाही. तिथे उतरलो असतो तर परतीची गाडी होती. अकोला आलं तेव्हा मी तिसऱ्या फेरीत सहाव्या कडव्यावर होतो. जज्जसाहेबांनी हात हातात घेतला. म्हणाले, मुंबईला कानाच्या डॉक्टरकडे चाललो आहे, परत येताना पुन्हा ऐकीन. खरी रसिकता कानात नसतेच.

अकोल्याला स्वागताला बँड आणला होता. क्लॅरिनेट वरच्या सुरात, ढोल कुठल्याच सुरात नाही. मी पेटी उचलून थर्ड क्लासच्या डब्यांकडे पळालो. तिकीट कलेक्टरने अडवलं. माझ्याजवळ बडनेऱ्याचं प्लॅटफॉर्म तिकीट, आणि उतरलो फर्स्ट क्लासमधून. मी त्याला रेल्वे ॲक्टातलं कलम सांगितलं. त्याने दुसरं सांगितलं. माझा मुद्दा त्याला जवळजवळ पटला होता, इतक्यात मेल सुटली. खिडकीतून थो. पु.ंचा हात दिसला. हात स्पष्ट दिसला.

माणिकबाईने जेवायला वाढलं. म्हणाली, दादा, न कळवता आलास, बरं झालं.

२४ नोव्हेंबर. अमरावती.
घरी आलो. अनसूयेने सगळं सांगितलं.

थर्ड क्लासचा डबा नत्थुजीच्या मंडळासमोरच थांबला. थो. पु. दारात येऊन उभे राहिले. मंडळाने माझं पद खंजिरीवर धरलं. सातही कडवी साडेतीन मिनिटांत, आणि मी काढून टाकलेली दोनसुद्धा, कारण अनसूयेने नत्थुजीला नऊ शिकवली होती. शेवटच्या कडव्याला सगळा प्लॅटफॉर्म म्हणू लागला. थो. पु. हसले. विचारलं, हा अंबापेठवाला कमलाकांत कोण? बोलवा त्यांना.

नत्थुजी म्हणाला, हाये ना जी, पेटी घेऊन तिकडं गेले, येतीनच. त्याने तीन माणसं पळवली. त्यांना मी दिसलो. पण मी डोळे मिटून आलाप घेत होतो, आणि चालू गाण्यात हात लावू नये हे त्यांना नत्थुजीनेच शिकवलेलं. तिघं हात जोडून ऐकत उभे राहिले.

थो. पु.ंनी दोन मिनिटं वाट पाहिली. मग नत्थुजीला गावं किती, विहिरी किती, शाळा कुठे आहे, कुठे नाही, ते विचारत राहिले.

अनसूया म्हणाली, मी पण हाक मारली होती. मला वाईट वाटलं. फार वाटलं. जेवलो नाही. नंतर थोडा दहीभात घेतला.

६ डिसेंबर, रविवार.
तिकीट नत्थुजीला. किसनराव सांगायला घरी आले होते. म्हणाले, थो. पु.ंचं पत्र आहे, त्या माणसाला तालुका तोंडपाठ आहे म्हणतात. मी म्हणालो, पाठांतर आणि अभ्यास यांत फरक आहे. त्यांनी चहा घेतला.

माझं विश्लेषण: जज्जसाहेबांना मत असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

१३ डिसेंबर.
नत्थुजी आला. माझ्या खुर्चीसमोर उभाच राहिला, बस म्हटल्यावर खाली सतरंजीवर बसला. म्हणाला, वकीलसायेब, म्या कोनाले तिकीट मांगितलं नाही. तुमचं पद होतं म्हनून ते थांबले. तुमी म्हनान तं नाव मांगं घेतो.

घे मागे, असं तोंडावर आलं होतं. अनसूया दारात उभी होती. मी म्हणालो, आता फॉर्म भरला आहे, राहू दे.

मग तो म्हणाला, गावोगाव तुमचंच पद म्हनतो. तुमी पेटीले या. मी म्हणालो, माझी पेटी बैठकीची आहे, मैदानाची नाही. तो बरं म्हणून गेला. तुरीच्या शेंगा विसरला, किंवा ठेवून गेला.

२ जानेवारी १९३७.
संकल्प: राजकारण बंद. फक्त रियाज.

४ जानेवारी.
रियाज केला नाही. पेटी काढलीच नाही. निवडणुकीच्या दिवसांत घरात बसून कंटाळा येतो.

९ जानेवारी, शनिवार.
बडनेऱ्यापुढच्या एका गावात नत्थुजींची सभा झाली. अनसूयेला घेऊन केवळ पाहणीसाठी गेलो होतो. पेटी बरोबर होती, रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही. नत्थुजी व्यासपीठावरून उतरून आले, पेटी स्वतः उचलून नेली आणि मंडळाच्या मधोमध सतरंजीवर मला बसवलं.

आलाप नाही. पद साडेतीन मिनिटांत झालं. माझं नाव आलं तेव्हा खंजिरीवाल्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हाताऱ्या बाया उठून पाहू लागल्या. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. तीनदा म्हटलं. भाता मारून हात दुखला, पण पेटी आज अशी वाजली की काय सांगावं. सूर फार मुलायम. खंजिरीच्या दणक्यात मला स्वतःला ऐकू आले नाहीत, पण ते बोटांना कळतं. नत्थुजी बोलले ते विहिरींवर. बरं बोलतात.

१० जानेवारी, रविवार. सकाळी.
पेटी पुसायला काढली. भाता मागच्या बाजूने उंदरांनी कुरतडला आहे. तीन बोटं जातील एवढं भोक. एकही सूर वाजत नाही. कालही वाजत नसणार. दिवाळीपासून असं आहे की त्यानंतर, ते सांगता येत नाही.

अनसूयेला विचारलं, काल पेटी कशी वाटली? ती म्हणाली, छान बसला होता तुम्ही.

पेटी दुरुस्तीला दिली तर पंधरा दिवस जातील. पुढची सभा येत्या शनिवारी आहे, नत्थुजी दमणी पाठवणार आहेत.

दुरुस्ती निवडणुकीनंतर.