सांध्यावरची ठिणगी

४ मार्च
दिसली! फ्यूजन मशीनच्या चुंबकाची कॉइल टाकीत ठेवली, हवा उपसली, व्होल्टेज चढवत नेलं — आणि काचेतून निळी ठिणगी, टाचणीच्या टोकाएवढी. सांध्याच्या गुंडाळीवर. साध्या हवेत हीच कॉइल निमूट पास झाली होती; हवा विरळ केली की दडलेला दोषही ठिणगी दाखवतो.
सांधा वाइंडिंगच्या, म्हणजे कॉइल गुंडाळण्याच्या विभागातल्या ताईंनी गुंडाळलेला. या अख्ख्या कारखान्यात माझ्यासोबत जेवायला बसतात त्या एकट्या ताई.

५ मार्च
साहेब म्हणाले, धूळ असेल, पुसून पुन्हा घ्या. पुसली, पुन्हा घेतली. पुन्हा ठिणगी, त्याच जागी. कॉइल एकदा मशीनमध्ये बंद झाली की तिथवर हात पोचत नाही. तिथे इन्सुलेशन फुटलं तर अख्खं मशीनच बंद पडेल. नापास लिहिलं. साहेबांनी माझ्याकडे न बघता सही केली.
ताईंना मीच जाऊन सांगितलं. "बरं," म्हणाल्या. जेवायला आल्या नाहीत.

९ मार्च
वाइंडिंगवाले सगळे एका टेबलावर. मी जवळून गेले की बोलणं थांबतं. आईचा फोन — नोकरी कशी चाललीय? छान, म्हटलं. मग तिच्या पाठदुखीची चौकशी करत बसले, फोन लांबवायला. शेवटी तीच म्हणाली, ठेव आता, दूध उतू जाईल.

१२ मार्च
गुंडाळी कापली. काचधाग्याच्या पट्टीखाली पोकळी, भोवती काळा डाग. माझं खरं निघालं. सांगू कुणाला? ताईंना स्टोअरमध्ये बसवलं.

१४ मार्च
सुट्टी. दिवसभरात फक्त दुकानदाराशी बोलले. "पिशवी आहे," एवढंच.

१६ मार्च
ताई आल्या. समोर बसल्या. डबा उघडला नाही, हात पुढे केले.
"वर्षभर बोटं बधिर आहेत गं. पट्टी ताणून बसली की सैल, कळतच नाही. काम जाईल म्हणून बोलले नाही." मग हळूच, "मशीनमध्ये आधीच बसवलेल्या दोन कॉइलींचे सांधेही माझेच."
त्या दोन्ही साध्या हवेतच तपासल्या होत्या. मशीन उघडावं लागणार.
साहेब जेवून यायचेत. आम्ही दोघी त्यांच्या दाराबाहेर बसलोय. ताईंनी माझा डावा हात घट्ट धरलाय. त्यांच्या बोटांना तो जाणवतोय की नाही, माहीत नाही.