ऑर्किडच्या कळ्या कोण तोडतंय

३ फेब्रुवारी, सोमवार
कॅमेरा आला. आता ऑर्किडची फोटोग्राफी शिकायची, पद्धतशीर. सौ.च्या रोपाला तीन वर्षांनी पहिल्यांदाच कळ्या आल्यात. सहा. ती रोज त्यांच्याशी बोलते. माझ्याशी कमी. अट एकच घातलीय: झाडाला हात लावायचा नाही. लावणार नाही. कुंडी म्हणजे झाड नव्हे.

४ फेब्रुवारी
सगळे फोटो धुरकट. माझा हात स्थिर आहे. गावच्या शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचो. दुकानदाराने वापरलेली लेन्स गळ्यात मारली असणार.
उजेड सकाळी बाहेरच्या खोलीत, दुपारी स्वयंपाकघरात. माणसाने उजेडामागे जावं. कुंडी घेऊन गेलो.

७ फेब्रुवारी
एक कळी दाराजवळ पडलेली. शेजारचे रिटायर्ड कंपाउंडर काल पेपर मागायला आले होते. त्यांच्याकडेही ऑर्किड आहेत. आमच्या कळ्यांकडे जरा जास्तच वेळ बघत होते. मी कोणाचं वाईट चिंतत नाही. फक्त लिहून ठेवतो.

९ फेब्रुवारी
आणखी एक गेली. कंपाउंडर म्हणाले, ऑर्किडला सारखी जागा बदललेली सोसत नाही, एका जागी राहू द्या. निर्दोष माणसाला एवढी माहिती कशी? हसून हो म्हटलं आणि ते जाताच कुंडी आत हलवली.

१२ फेब्रुवारी
आज दोन. सौ. जेवताना कळ्यांचा विषयच काढेना. क्षणभर तिचाही संशय आला. मग तिचे डोळे पाहिले आणि ताटाकडे बघत जेवलो.
संध्याकाळी देवापुढे बसलो. कोणाचं वाटोळं नको, फक्त पकडून दे, म्हटलं. नाव घेतलं नाही. चष्मा आणि टक्कल एवढंच सांगितलं.

१३ फेब्रुवारी
मॅन्युअलमध्ये सापडलं: कॅमेरा दर सेकंदाला आपोआप फोटो काढतो. उद्या ट्रायपॉडवर, दाराकडे तोंड करून. कंपाउंडरांना चहाला बोलावलंय. सौ.च्या देखतच सोक्षमोक्ष.

१४ फेब्रुवारी
तिघांनी टीव्हीवर फोटो पाहिले. रिकामं दार. रिकामं दार. मग मी. आमिष नीट उजेडात असावं म्हणून कुंडी छातीशी धरून निघालेला. कळ्यांचा देठ दाराच्या पडद्यात अडकलेला. पुढच्या फोटोत मी चाललोय आणि कळी हवेत.
कंपाउंडर चहाच्या कपात बघत राहिले.
सौ. म्हणाली, "फोकस मात्र छान आलाय हो."
लेन्स चांगली आहे तर.

२० फेब्रुवारी
उरलेली कळी उमलली. कंपाउंडरांच्या खिडकीत, सौ.ने कुंडी फोटो पाहिले त्याच दिवशी तिकडे नेऊन ठेवली. मला फोटोची परवानगी आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, टायमर लावून, हात मागे.
असला अडकणारा पडदा घरात आणला कोणी, हे सौ.ला विचारलं. "तुम्हीच," म्हणाली. पावती शोधायला हवी.
आज गेलो तेव्हा ती फुलाशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मला पाहिलं आणि दोघंही गप्प झाली.